दुसरी रेघ

दोष बापाचा होता. पिस्तूल बनवणाऱ्यांचा नाही, व्हॅन चालवणाऱ्याचा नाही, आणि पोराचा तर मुळीच नाही, जरी पोरगा आजही ते मानायला तयार नसला तरी. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. हा म्हातारा जिवंत आहे, तेव्हा तीही अडचण नाही.

म्हातारा बंदुका दुरुस्त करायचा. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर, चष्म्यांचं दुकान आणि एक बंद पडलेला छापखाना यांच्या मधोमध त्याची बोगद्यासारखी लांबट खोली होती: पुढे काउंटर आणि टेलिफोन, मागे कामाचं टेबल, टेबलाला जखडलेला, वस्तू घट्ट धरून ठेवणारा वाइस, भिंतीवर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं टांगलेल्या कानशी, आणि या सगळ्यावर बंदुकीच्या तेलाचा तो गोडसर वास, जो कितीही साबण लावला तरी पोराच्या नखांतून जात नसे. गिऱ्हाईकं म्हाताऱ्याला मिस्त्री म्हणत. पोराला कुणी काहीच म्हणत नसे. त्यानं इंजिनिअरिंग मधेच सोडून दिलं होतं, म्हणून म्हातारा चारचौघांत त्याची ओळख ‘आमचा अर्धा इंजिनिअर’ अशी करून द्यायचा, आणि लोक हसले की स्वतःही हसायचा. ताईनं त्याच नावाचं ‘अर्ध्या’ करून टाकलं होतं. शब्द तोच, पण बापाच्या तोंडून निघाला की टोचायचा आणि बहिणीच्या तोंडून निघाला की अंगावर पांघरूण घातल्यासारखं वाटायचं.

त्या दुकानाचा एक नियम होता, म्हाताऱ्याच्याही बापापासून चालत आलेला. कुठलंही हत्यार दुकानाबाहेर पडण्याआधी दोघांनी तपासायचं. पहिल्यानं तपासून ते लाकडी ट्रेमध्ये ठेवायचं आणि ट्रेच्या कडेवर खडूची एक रेघ ओढायची. दुसऱ्यानं आपल्या हातानं, आपल्या डोळ्यांनी पुन्हा सगळं बघायचं आणि मगच दुसरी रेघ ओढायची. आणि या दोन रेघांच्या मधे पहिल्यानं तोंड उघडायचं नाही. ‘मी बघितलंय, ठीक आहे’ एवढंसुद्धा म्हणायचं नाही, कारण ते एकदा कानावर पडलं की दुसरा बघत नाही, नुसती मान डोलावतो. पहिल्यानं दुसऱ्याची समजूत काढायची नाही. म्हाताऱ्यानं हे पोराला लहानपणापासून इतक्या वेळा ऐकवलं होतं, की पोराला नियमाचाही वीट आला होता आणि नियम सांगणाऱ्याचाही.

ताई रोकड वाहून नेणाऱ्या एका कंपनीत गार्ड होती. त्या कंपनीनं आपल्या गार्डांसाठी नवी पिस्तुलं घेतली आणि वाटण्याआधी तपासायला मिस्त्रीकडे धाडली. जुन्या पिस्तुलाला बाहेर खटका असे. वर केला की चालू, खाली केला की बंद, डोळ्याला दिसे, अंगठ्याला कळे. नव्याला बाहेरून काहीच नव्हतं. काळं, गुळगुळीत, वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखं. सगळी राखण आत होती. गोळीवर जाऊन आदळणारी जी पिन, तिच्या वाटेत पोलादाचा एक बारीकसा अडसर उभा; चाप ओढला की अडसर बाजूला सरकून पिनेला वाट देणार, आणि चाप ओढला नाही तर पिस्तूल पडो, आपटो, जिन्यावरून गडगडत जावो, पिन जागची हलणार नाही. निदान सोबतच्या माहितीपत्रकात तसं छापलेलं होतं. आणि त्या भरवशावर कंपनीनं हुकूम काढला होता की ड्युटीवर असताना नळीत गोळी भरलेलीच हवी.

म्हातारा त्या पिस्तुलावर भाळला. ज्या माणसानं जन्मभर पोराच्या शब्दावर, मार्कांवर, मित्रांवर, कशाकशावर विश्वास ठेवला नाही, त्यानं डोळ्यांना न दिसणाऱ्या पोलादाच्या एका कणावर अर्ध्या दुपारात ठेवला. पोरगा बाहेरून तेलाचा डबा घेऊन आला तेव्हा टेबलावर सगळे ट्रे मांडलेले होते, आणि प्रत्येक ट्रेवर दोन रेघा होत्या. म्हातारा डावखुरा. त्याची रेघ नेहमी एका बाजूला कलायची. दोन्ही रेघा त्याच बाजूला कलल्या होत्या.

“दुसरी कुणी ओढली?” पोरानं विचारलं.

“मीच.”

“आणि पहिली?”

“तीही मीच. तुझी वाट बघत बसलो असतो तर कंपनीची माणसं दारात उभ्याउभ्या पिकली असती.”

“नियम तुमचाच आहे, बाबा.”

“नियम जुन्या मालासाठी होता. ह्याच्यात तपासायला ठेवलंय काय? सगळं आत. मी बघितलंय, ठीक आहे.”

म्हणजे तेही वाक्य म्हणून झालं. पोरानं तेलाचा डबा जागेवर ठेवला, आणि म्हातारा पुढे काउंटरवर जाऊन गिऱ्हाइकाशी बोलायला लागल्यावर ताईच्या नावाचा ट्रे स्वतःकडे ओढला.

दुकानात तपासणीची साधी रीत होती. रिकामं पिस्तूल नळी वर करून वाइसमध्ये धरायचं, आणि नळीत एक पेन्सिल सोडायची, रबराचं टोक खाली. चाप ओढला की पिन रबरावर आदळते आणि पेन्सिल टुणकन उडते. मग पुन्हा स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढून पिन ताणायची, पेन्सिल सोडायची, आणि या वेळी चापाला हात न लावता लाकडी हातोडीनं पिस्तुलाला चहूबाजूंनी ठोकायचं. अडसर नीट असेल तर पेन्सिल हलत नाही. पोरानं ते सगळं केलं. पिस्तूल खोललं, अडसर भिंगाखाली बघितला, नखानं दाबला, सोडला, पुन्हा जोडलं, ठोकलं, अजून जोरात ठोकलं. पेन्सिल देवासारखी उभी. बापाचं बरोबर निघालं याचा त्याला रागही आला आणि हायसंही वाटलं. त्यानं हातोडी खाली ठेवली, चिंधीला हात पुसले आणि मनात म्हटलं, चला, ठीक आहे.

पेन्सिल उडाली.

फार नाही, वीतभर. टेबलावर पडली, घरंगळली, आणि कानशीच्या मुठीला अडून थांबली. पोरगा तिच्याकडे बघत राहिला. पिस्तुलाजवळ त्याचा हात नव्हता. त्यानं स्लाइड न ओढता मागच्या फटीतून भिंगानं बघितलं: अडसर जागेवर होता, आणि पिन ताणलेलीच होती, सुटलीच नसल्यासारखी.

त्यानं पेन्सिल पुन्हा सोडली आणि आता पापणी न हलवता बघत बसला. काही नाही. ठोकलं. काही नाही. शेवटी डोळे दुखायला लागले, आपल्याला भास झाला असणार असं त्याला पटत आलं, आणि पटलं त्याच क्षणी पेन्सिल पुन्हा उडाली.

त्यानं म्हाताऱ्याला हाक मारली. म्हातारा आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला, आणि पोरगा घामाघूम होऊन बघत असताना पेन्सिल जी उभी राहिली ती राहिलीच.

“काय बघायचंय?”

“थांबा जरा.”

“थांबलोच आहे. तू कॉलेज सोडलंस तेव्हापासून थांबलोय.” आणि जाता जाता खांद्यावरून म्हणाला, “नाचता येईना, अंगण वाकडं.”

दुकानात सुट्या भागांसाठी म्हणून कंपनीनं एक पिस्तूल ठेवून दिलं होतं. पोरानं त्याच्यावरही करून बघितलं. तेच. संशय असेपर्यंत पेन्सिल गप्प, आणि संशय फिटला की वर. मग त्याला हळूहळू, नको असताना, उमगत गेलं. म्हाताऱ्याचा विश्वास तर पहिल्यापासूनच होता. तरी पोरगा साशंक असेपर्यंत काही झालं नव्हतं. म्हणजे अडसर पोलादाचा नव्हताच, संशयाचा होता. कुणीतरी एकानं, फक्त एकानं, विश्वास ठेवायचा नव्हता. दुसरी रेघ ओढायचीच नव्हती.

ताई पिस्तूल न्यायला आली ती गणवेशातच, केस घट्ट बांधलेले, बूट चकचकीत. व्हॅनवरची ड्युटी तिला सहजासहजी मिळालेली नव्हती. बाई म्हणून तिला आधी गेटवर, मग टेबलावर, मग पुन्हा गेटवर बसवलं होतं, आणि साहेबांच्या पुढ्यात उभं राहून, भांडून तिनं ती मिळवली होती. पोरानं तिला मागच्या खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं. सांगताना त्याला स्वतःलाच ते वेड्यासारखं ऐकू आलं. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण.

“हे नेऊ नकोस,” तो म्हणाला.

“नको नेऊ तर काय गलोल नेऊ?”

“निदान नळीत गोळी भरू नकोस.”

“रोज निघताना तपासतात रे. रिकामं सापडलं की पुन्हा गेटवर. तुला माहितीये ते गेट? दिवसभर सलाम ठोकून हात खांद्यातून निखळतो.”

“मग विश्वास तरी ठेवू नकोस त्याच्यावर. सतत मनात धर की हे दगा देणार.”

“अर्ध्या, दिवसभर कमरेला लावून दिवसभर संशय घेत बसले तर काम कधी करू?” तिनं पिस्तूल पट्ट्यात सरकवलं, बटण लावलं आणि त्याच्या गालावर चापट मारली. “असं कर. माझ्या वाटचा संशय तू घे. तसाही तुला दुसरा उद्योग काय आहे?”

काउंटरवरून म्हातारा हसला. म्हणजे त्यालाही ते ऐकू गेलं होतं.

ती थट्टेत बोलली होती. पोरानं ते काम अंगावर घेतलं.

दुकानातलं ते दुसरं पिस्तूल त्यानं वाइसमध्ये पक्कं केलं, पिन ताणून नळीत पेन्सिल सोडली आणि त्याच्यासमोर स्टूल मांडून बसला. पेन्सिल म्हणजे त्याची नाडी झाली. तिच्याकडे बघून त्याला कळायचं आपण कुठे आहोत. ड्युटी संपली, पिस्तूल कंपनीच्या कपाटात गेलं, की ताई दुकानात फोन करायची: दोन रिंग, आणि बंद. हे दोघांचं ठरलेलं होतं. त्यानंतर खरं तर त्यानं झोपायला हरकत नव्हती. पण संशयाला बाहेरून खटका नव्हता, की वर केला चालू, खाली केला बंद. तो एकदा आत शिरला की त्याचा तोच राहायचा, आणि पोराला झोप लागेनाशी झाली.

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. एके दिवशी तो न बघता स्टुलावर बसला, सवयीनं, जसे सगळे बसतात, आणि समोरची पेन्सिल थरथरली. तो ताडकन उठला. पेन्सिल स्थिर झाली. मग त्याच्या लक्षात आलं की विश्वास हा पाण्यासारखा असतो. एका भांड्यात ओतायचा आणि दुसऱ्यात नाही असं जमत नाही, तो पाझरतो. स्टुलावर ठेवला तरी तो झिरपत झिरपत पिस्तुलापर्यंत जाणार. तेव्हापासून तो स्टूल हलवून बघितल्याशिवाय बसेना. दूध हुंगल्याशिवाय पिईना. कुलूप लावल्यावर परत येऊन ओढून बघे, आणि ओढून बघितलं हे खरं का म्हणून पुन्हा ओढून बघे. मित्र बोलवायला आले तर त्यांच्या बोलण्यामागे काय आहे ते शोधत बसे. ते यायचे थांबले तेव्हा त्याला सुटल्यासारखं झालं. चष्मेवाला सकाळी हात वर करून हसायचा, ते हसू कशासाठी याचा तो दुपारपर्यंत विचार करी. जिन्याच्या पायऱ्या पायानं चाचपून उतरे. हे सगळं तो ताईसाठी करत होता, आणि ताई रोज सुखरूप येत होती, म्हणजे हे सगळं बरोबर होतं. यापेक्षा वेगळा पुरावा कुणी आणून दाखवावा.

“वजन किती उतरलंय बघ,” ताई रविवारी आली तेव्हा म्हणाली. “पट्टा बघ, टोक पाठीमागे जाऊन पोचलंय. अर्ध्याचा पाव होशील.”

“तू नीट आहेस ना?”

“मी ठणठणीत. ते पिस्तूल कमरेला आहे हेही आता लक्षात राहत नाही.”

त्या वाक्यानंतर त्यानं रविवारची उरलेली दुपार वाइससमोर काढली.

म्हातारा हे सगळं बघत होता. आधी त्यानं टोमणे मारले, मग आरडाओरडा केला, मग बोलणं टाकलं. मोठ्या माणसांचे उपाय याच क्रमानं संपतात. शेवटचा जो उरतो तो सगळ्यांत वाईट, कारण तो मायेसारखा दिसतो.

एका दुपारी म्हाताऱ्यानं पुढचं शटर अर्धं ओढलं, दोन कप चहा घेऊन मागे आला आणि पोराशेजारी दुसरं स्टूल ओढून बसला. इतक्या जवळ ते दोघं कधी बसले होते ते पोराला आठवेना. म्हाताऱ्याचे हात टेबलावर होते, तेलानं काळवंडलेल्या रेषांचे.

“चुकलं माझं,” म्हातारा म्हणाला. “ती दुसरी रेघ मी ओढायला नको होती.”

पोरानं मान वळवली नाही. पण कान वळले. हे वाक्य ऐकायला तो जन्मभर थांबला होता, असं त्याला ते ऐकल्यावर कळलं.

“असा किती दिवस बसणार तू?”

“ती व्हॅन सोडेपर्यंत.”

“मी बसतो आता.”

“तुम्हाला नाही जमायचं, बाबा. तुमचा त्याच्यावर विश्वास आहे.”

“होता,” म्हातारा म्हणाला. चहाच्या कपाची कड त्यानं अंगठ्यानं पुसली. “सकाळी तू तोंड धुवायला गेला होतास ना, तेव्हा हलली ती. मी बघितली. माझ्या या डोळ्यांनी बघितली.”

पोरानं पहिल्यांदाच पेन्सिलीवरून नजर काढून बापाकडे बघितलं. म्हाताऱ्याचे डोळे ओले होते.

“खरं?”

“तुझी शपथ. तेव्हापासून माझाही विश्वास उडालाय. तू बरोबर होतास.” आणि म्हाताऱ्यानं तो काळवंडलेला हात उचलला आणि पोराच्या डोक्यावर ठेवला. “झोप तू. तिच्या वाटचा संशय मी घेतो.”

आता दोघंजण होते. एकानं जागं राहायचं, दुसऱ्यानं टेकायचं. दुकान याच रीतीवर उभं होतं. पोराच्या मानेतला ताठा सुटला. हाताची घडी टेबलावर झाली, घडीवर कपाळ आलं, आणि डोक्यावरचा तो हात जड, गरम, जागच्या जागी राहिला. स्टुलाचा विचार गेला. कुलपाचा गेला. शेवटी त्याच्या मनात एवढंच होतं, की बाबा आहेत.

म्हाताऱ्यानं काहीही बघितलेलं नव्हतं. पोरगं झोपावं, दोन घास खावं, माणसात यावं म्हणून तो बोलला होता, जसं रडणाऱ्या मुलाला म्हणतात, मारलं हं आपण त्या दाराला. पिस्तुलाबद्दल त्याच्या मनात तेव्हाही तिळाएवढी शंका नव्हती. पहिल्यानं दुसऱ्याची समजूत काढली होती.

पोराला जाग आली ती आवाजानं. बारीक, लाकडी, टेबलावर काहीतरी पडून घरंगळत जाऊन खाली गेल्याचा. त्यानं डोकं उचललं नाही, नुसते डोळे उघडले. अर्ध्या शटरखालून दुपारचं ऊन फरशीवर आलं होतं. म्हातारा वाइसकडे पाठ करून बसला होता, चष्मा कपाळावर, चहाचा रिकामा कप मांडीवर, आणि पोराला झोप लागली या समाधानानं त्याचा चेहरा सैल, जवळजवळ सुंदर झाला होता. पेन्सिल फरशीवरून हळूहळू आली आणि त्याच्या चपलेला लागून थांबली. म्हातारा वाकला, ती उचलली, आणि पोराची झोप मोडू नये म्हणून अगदी हलक्या आवाजात स्वतःशीच म्हणाला, “पडली वाटतं.” आणि जुन्या सवयीनं कानावर खोचली.

पुढे काउंटरवर फोन वाजायला लागला. ताईच्या ड्युटीचा अजून बराच वेळ बाकी होता. एक रिंग झाली, दुसरी झाली. पोरगा घडीवर कपाळ ठेवून ती बंद होण्याची वाट बघत राहिला. तिसरी वाजली.

त्या एका गोड बोलण्यापायी म्हाताऱ्याची मुलगी गेली.